थर्मास, शेळ्या आणि एक असमान वाटणी

चंद्रपूरला जाताना मी परतीची दोन तिकिटं काढून निघालो होतो. एक माझं, एक मुलीचं. मुलीला याची कल्पना नव्हती.

आमच्या नाशिककडची माणसं तिकडे गेलीच तर वाघ बघायला जातात. मी वाघ पाहिला नाही. मी जे पाहिलं ते नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणाएवढं दिसतं, आणि ते पाहायला मला चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि परत चंद्रपूर असा फेरा घालावा लागला. तिकडे न गेलेल्यांसाठी तो लिहून ठेवतो.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नाशिकच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. सळईचा तुकडा मधोमध कापला की दोन्ही भाग सारखे निघाले का, भोक बरोबर मध्यावर पडलं का, हे बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. जे सारखं नाही ते नापास. घरीही तसंच. मुलगा आणि मुलगी यांना कधी एक लाडू वाटून द्यायची वेळ आली, तर मी चुरासुद्धा सारखा वाटत असे.

मुलगी मेघना गुरांची डॉक्टर झाली आणि पुढच्या अभ्यासासाठी चंद्रपूरजवळच्या एका शेळी-संशोधन केंद्रावर गेली. तिची पत्रं येत. एका पत्रात होतं, ‘आज बाजारात अकरा मिळाल्या, सगळ्या म्हाताऱ्या, तरी बऱ्या.’ दुसऱ्यात, ‘सत्तारभाई फार चांगला माणूस आहे, पण त्याच्याबद्दल कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय.’ मेघनाच्या आईने ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं. त्यातच सिन्नरचं एक चांगलं स्थळ आलं. मेघना म्हणाली, काम निम्म्यावर आहे, आत्ता नाही. शेवटी फोनवर ठरलं ते असं: तिच्या प्रयोगाच्या दोन खेपा फसल्या होत्या, तिसरी आणि शेवटची खेप डिसेंबरात होणार होती. ती फसली तर तिचे मार्गदर्शक सर ती जागा दुसऱ्याला देणार, आणि मग मेघना मुकाट्याने नाशिकला येणार. साधली तर वर्षभर तिला कोणी काही विचारायचं नाही.

दोन फसल्या, म्हणजे तिसरीही फसणार, असा माझा अंदाज. म्हणून दोन तिकिटं.

चंद्रपूर

जुन्या तटाच्या आतल्या गल्लीत तिची खोली होती. गल्लीत रिक्षा शिरत नव्हती. वेशीपाशी उतरून बॅग उचलली तर बॅगेवर कोळशाची बारीक काळी पूड. रुमालाने पुसली, तर रुमाल काळा आणि बॅग तशीच. इथे सकाळी तर्री घातलेले पोहे खातात. वरून लाल तेलाचा रस्सा आणि चणे. मी पोह्यांवर फक्त खोबरं-कोथिंबीर मानणारा माणूस. अर्धी प्लेट खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, उरलेली अर्धीही खाल्ली.

“किती तिखट खाऊन राह्यले हे लोक,” मेघना म्हणाली आणि स्वतःच हसली. मी तिच्याकडे बघितलं. वर्षभरात पोरीची भाषासुद्धा बदलली होती. मी मनात नोंद केली.

केंद्रावर तिने मला आधी एक कपाट दाखवलं. बंद, आतून शरीराएवढं उबदार. त्यात काचेच्या बशा. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मागच्या खेपेतली शेळीची काही बीजं तिने रंग देऊन काचपट्टीवर ठेवली होती.

“काय दिसतं?”

“गोल. मळकट. भोवती पारदर्शक कडं.”

“कड्याच्या आत, गोलाला चिकटून, अगदी बारीक दुसरा गोल दिसतो का?”

“नाही.”

“तेच तर. नाही म्हणूनच फसली.”

मग तिने कागदावर काढून समजावलं. शेळीच्या अंडाशयात बीजं असतात. शेळीच्या पेशीत रंगसूत्रं साठ. बीजात तीस उरायला हवीत, कारण तीस बोकडाकडून येणार. म्हणून बीजाला आधी स्वतःची वाटणी करावी लागते. ही वाटणी शेळी स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते आणि मध्येच थांबलेली असते. बीज पिकलं की पुरी होते.

“इतकी वर्षं अर्धवट काम?” मी विचारलं.

“इतकी वर्षं.”

इथपर्यंत मला पटलं. साठाचे तीस-तीस, हिशेब बरोबर. पण पुढे तिने जी आकृती काढली ती बघून मी पेन्सिल तिच्या हातातून घेतली आणि आकृतीवर फुली मारली. तिने एक मोठा गोल काढला होता आणि त्याला चिकटून मोहरीएवढा दुसरा.

“हे दोन भाग?”

“हो. रंगसूत्रं दोघांत सारखी. बाकीचा सगळा ऐवज मोठ्याकडे. धाकटा तसाच विरून जातो.”

“ही वाटणी झाली? आमच्याकडे हा माल परत गेला असता.”

“वाटणीचे दोरे असतात, रंगसूत्रं ओढणारे. ते मध्यावर नसतात बाबा, कडेला सरकतात. म्हणून कापही कडेला पडतो.”

“म्हणजे यंत्र मध्यावर बसलेलं नाही. दुरुस्त करायला पाहिजे.”

“ते तसंच बसवलेलं आहे.”

“कशासाठी?”

“तिसरी खेप साधली तर दाखवीन,” ती म्हणाली. “नुसतं सांगून तुम्हाला पटायचं नाही.”

हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं. ज्याला कारण माहीत नसतं तो ‘नंतर दाखवतो’ म्हणतो, हा माझा कारखान्यातला अनुभव. सरांबद्दलही शंका आली. पोरीला रानोमाळ फिरवून स्वतः पंख्याखाली बसणारा माणूस. सर भेटले तेव्हा मात्र ते एका शेळीच्या बाळंतपणात कोपरापर्यंत गुंतले होते, त्यामुळे विचारायचे प्रश्न तसेच राहिले.

आरमोरी

शेळ्यांचं केंद्र असताना अंडाशयं बाहेरून का आणायची, हे मी बसमध्ये विचारलं. केंद्रातल्या शेळ्या कापायच्या नसतात, ती म्हणाली. शहरातल्या खाटकांकडे येतात ते बहुतेक बोकड. म्हाताऱ्या, गाभण न राहणाऱ्या शेळ्या निघतात त्या खेड्यांतून, आठवडी बाजारात. म्हणून ती थर्मास घेऊन आरमोरीला जाते. थर्मासमध्ये कोमट मिठाचं पाणी. अंडाशयं त्यात टाकायची आणि ऊब न घालवता चंद्रपूरला आणायची. गारठा लागला की बीज पिकत नाही, वाटणीचे दोरे जुळत नाहीत. मागच्या दोन्ही खेपांना रस्त्यात थंडी लागली असावी, असा तिचा तर्क होता. मी माझा लोकरी मफलर काढून दिला. थर्मासला तो तीन वेढे बसला.

मूलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. पीक निघालं होतं, कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, उभे होते. आमच्याकडे शेत म्हणजे द्राक्षाच्या तारा आणि सरळ ओळी. इथे प्रत्येक बांधीचा आकार निराळा, एकही चौकोन धड नाही. वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं, की पाणी आहे हे मला मेघनाच्या सांगण्यावरून मानावं लागलं.

आरमोरीच्या बाजारात सत्तारभाईंचं दुकान कडेला होतं. पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग. पुढे सोललेला बोकड टांगलेला, आणि तो बोकडच आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून मागच्या पायांमधली जी खूण सोडतात ती सोडलेली. ही खूण मला ओळखीची. नाशिकला दर रविवारी मी ती बघितल्याशिवाय मटण घेत नाही. शेळीचं मटण चिवट, बोकडाचं बरं, असं आम्ही मानतो.

मेघना मागच्या बाजूला गेली होती. रांगेशेजारी उभा राहून मी दुकान निरखत होतो. तराजूचा काटा जरा डावीकडे झुकलेला वाटला, म्हणून वाकून बघितला. खिशात पेन, डोळ्यांवर चष्मा, इस्त्रीचा शर्ट. आणि मग, थर्मासमध्ये किती माल मिळेल याचा अंदाज घ्यावा म्हणून, मी सरळ आवाजात विचारलं, “सत्तारभाई, आज शेळ्या किती कापल्या?”

रांगेतली डोकी माझ्याकडे वळली.

सत्तारभाईंचा सुरा हवेत राहिला. “शेळ्या? कोणत्या शेळ्या साहेब? आपल्या दुकानात बकरी येतच नाई. बोकड हाय, पाहून घ्या ना, लटकवून ठेवला.”

“पण माझी मुलगी तर...”

“कोन मुलगी? मी नाई ओळखत कोनाले.”

रांगेतल्या एका पागोटेवाल्याने माझ्याकडे, मग टांगलेल्या बोकडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. “काऊन गा सत्तार, बकरी खाऊ घालून राह्यला का आमाले?”

“अरे बाप्पा, नाई ना! हे साहेब कुठून आले मले काय मालूम!”

पागोटेवाला रांगेतून बाहेर पडला आणि समोरच्या दुकानाकडे गेला. त्याच्यामागे आणखी दोघं. तेवढ्यात मेघना मागून आली. हातात रिकामा थर्मास. मागचं दार तिच्या तोंडावर बंद झालं होतं.

मला तेव्हा कळलं की या धंद्यात मागे शेळी कापतात आणि पुढे बोकड टांगतात. हे सगळ्या खाटकांना माहीत असतं, बहुतेक गिऱ्हाइकांनाही असतं, फक्त ते कोणी बोलायचं नसतं. ‘कोणाला सांगायचं नाही’ असं जे ठरलं होतं ते हेच. मेघनाने वर्षभर खपून मिळवलेला विश्वास मी एका प्रश्नात घालवला होता. खेपेची बीजं गेली, आणि गरीब माणसाची तीन गिऱ्हाइकंही.

दुकानामागच्या अंगणात मेघना मला बोलली. काय बोलली ते सगळं लिहीत नाही. “तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. लग्नाच्या जेवणातसुद्धा तुम्ही जिलब्या मोजता! इथे मी एकटी येते, या माणसांनी मला एकदाही फसवलं नाही, आणि तुम्ही आल्या आल्या चौकशी लावलीत!” आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका चढला होता.

तो गेलाही. बंद झालेलं दार किलकिलं झालं आणि एक म्हातारी बाहेर आली. सत्तारभाईंची आई, जैबूनबी. तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

“हा तुया खरंच बाप होय का वं डॉक्टरबाई?”

“हो, आजी. दुर्दैवाने.”

“मंग ठीक हाय.” ती मागे वळून ओरडली, “सत्तार, इन्स्पेक्टर नाई व्हय हा! बापच हाय. साहेबाले कोनी असं बोलते का? आन बोललं त साहेब असा मान खाली घालून ऐकते का?”

सत्तारभाई आले, पण लांबच थांबले. आजच्या शेळ्यांचं जे होतं ते त्यांनी घाबरून केव्हाच नाल्यात टाकून दिलं होतं. “उद्या धानोऱ्याचा बाजार हाय,” ते म्हणाले. “मी जातो तिथी. डॉक्टरबाईले देईन, पन या साहेबाले एक शर्त. आज यायनं सगळ्याईसमोर विचारलं. त उद्या सगळ्याईसमोर माझ्याकडून मटन घ्यावं. न पाहता.”

“न पाहता म्हणजे?” मी विचारलं.

“खूण न पाहता. काटा न पाहता. हासून.”

मेघना माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणालो.

रात्री आम्ही जैबूनबींकडेच राहिलो. भात आणि लाखोळीची डाळ. पोळीची मी वाट बघितली, ती आलीच नाही. तिकडे रोज भातच, पोळी पाहुण्याला किंवा सणाला. पाहुणे असूनही आम्हाला भातच मिळाला, याची मी दखल घेतली. जैबूनबी ताटात भाताचा ढीग घालत म्हणाली, “खा भाऊ, पाहून काय राह्यले? भाताले खूण नसते.”

धानोरा

सकाळी सत्तारभाईंच्या गाडीत निघालो. मागे शेळ्या आणि बोकड, पुढे आम्ही. गडचिरोलीच्या पुढे साग, मोह आणि बांबू रस्त्याच्या अगदी अंगावर येतात. सागाची पानं ताटाएवढी, गळून रस्ताभर पडलेली, चाकाखाली कुरकुरत होती. धानोऱ्याच्या बाजारात जंगलातली माणसं हिरडा, डिंक, लाख, चारोळी घेऊन बसली होती. एक बाई चारोळी पानाच्या द्रोणाने मोजून देत होती. द्रोण लहान-मोठे होते. मी बघितलं आणि गप्प बसलो. ती माझी तालीम होती.

मागच्या बाजूला ताडपत्रीच्या आडोशाला सत्तारभाईंचं काम उरकलं. मेघनाने कोमट पाण्यात तापमापी धरली, थर्मास भरला, अंडाशयं आत गेली. बोराएवढी, गुलाबी, अंगावर बारीक फोड आल्यासारखी. ते फोड म्हणजे बीजं पोसणाऱ्या पिशव्या. वरून माझा मफलर.

मग माझी पाळी. पुढे सोळा-सतरा माणसं उभी. त्यात आरमोरीचा कालचा पागोटेवालाही, कारण बाजार फिरणाऱ्यांचे बाजार ठरलेले असतात. मी पुढे झालो.

“सत्तारभाई, अर्धा किलो द्या.”

“काल त विचारून राह्यले होते तुमी...” पागोटेवाला म्हणाला.

“कालची माझी चूक,” मी म्हणालो. “मला दुसऱ्या दुकानाचं सांगितलं होतं.” हसायचं होतं, म्हणून हसलो. सत्तारभाईंनी मटण तोललं. काटा कुठे झुकला मला माहीत नाही, मी समोरच्या मोहाच्या झाडाकडे बघत होतो. तो पूर्ण वेळ त्या झाडाकडे बघणं मला किती जड गेलं, हे जो तपासणी खात्यात आहे त्यालाच कळेल.

पागोटेवाल्याने थोडा वेळ विचार केला. “मले बी पाव किलो दे,” तो म्हणाला. “पन खूण दाखोजो.”

सत्तारभाईंनी दाखवली. मी ती बघितली नाही.

परतीला काळीपिवळी जीप मिळाली. आत आम्ही बाराजण, थर्मास मेघनाच्या मांडीवर, मटण माझ्या. गडचिरोलीच्या अलीकडे पोलिसांचा नाका. त्या भागात तपासणी नेहमीचीच. शिपायाने आत डोकावून मफलर गुंडाळलेल्या थर्मासवर बोट ठेवलं.

“यात काय?”

“शेळ्यांची अंडाशयं,” मेघना म्हणाली.

“काय?”

“शेळ्यांची बीजं असतात त्यात. अंडी म्हणा.”

“मॅडम,” शिपाई म्हणाला, “शेळी अंडे देते काय?”

जीप खदखदून हसली. मागची एक म्हातारी म्हणाली, “देत असन बाप्पा, आजकालच्या शेळ्या!” शिपाई मात्र हसला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, उघडून दाखवा. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पण बाहेर बोचरा वारा होता, आणि झाकण उघडलं की तिसरी खेपही तिथेच रस्त्यावर संपणार होती. मेघनाचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या क्षणी खिशातली दोन तिकिटं मला आठवली. काहीच न करता मी नुसता बसून राहिलो असतो, तर ती दोन्ही वापरात आली असती.

मी खाली उतरलो. “हवालदार, तपासणी झालीच पाहिजे,” मी म्हणालो. “मीही तपासणीचंच काम करतो. पण माल खराब न करता तपासायचा असतो. तुमची ती शेकोटी आहे ना, तिच्याजवळ वाऱ्याच्या आडोशाला उघडू. झाकण मी उघडीन, तुम्ही वाकून बघा, मी लगेच लावीन.”

नाक्यावर एक मोठं लाकूड पेटत होतं. मी हात फिरवून ऊब कुठे बेताची आहे ते पाहिलं, मेघना आडोसा करून उभी राहिली, झाकण उघडलं. शिपाई वाकला.

“हे तर बोरं हायेत!”

झाकण लागलं. मेघनाने तापमापी बुडवून घेतली होती. तिने आकडा बघितला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. ऊब टिकली होती.

“जा,” शिपाई म्हणाला, आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे वळून, “आन यात?”

“बोकडाचं मटण,” मी म्हणालो.

पुन्हा चंद्रपूर

बीजं उबदार कपाटात गेली आणि आम्ही तिच्या खोलीवर मटण शिजवलं. म्हणजे शिजवायला ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मटण होत नव्हतं. ज्या गावात राज्यभरासाठी वीज तयार होते त्या गावातली वीज मध्येच गेली, परत आली, मटण तसंच. शेवटी आम्ही ते जेवलो. बराच वेळ दोघंही नुसते चावत होतो.

“बोकड आहे ना?” मेघनाने विचारलं.

“बोकडच,” मी म्हणालो.

तिला हसू फुटलं. वर्षभरानंतर आम्ही दोघं एका गोष्टीवर हसत होतो, आणि ती गोष्ट अशी होती की थर्मासमधला काही माल आणि ताटातला माल बहुधा एकाच जिवाचा होता.

जेवणानंतर मी तिकिटं बाहेर काढून ठेवली. लपवणं मला आवडत नाही, उशीर झाला होता तरी. तिने दोन्हींवरची नावं वाचली.

“तुम्ही नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं, मी फसणार?”

“अंदाज होता.”

“आणि तरी नाक्यावर उतरलात?”

मी ताटं गोळा करायला लागलो. तिने तिकिटं माझ्या चष्म्याच्या घरात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने बीजांभोवतीचा पेशींचा कापूस काढला आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. मी बघितलं. मळकट गोल, पारदर्शक कडं, आणि कड्याच्या आत, एका कोपऱ्यात, चिकटून बसलेला मोहरीएवढा दुसरा गोल. पुढच्या बीजातही. त्याच्या पुढच्यात नाही. मी तिला बाजूला बसवून स्वतः सगळी मोजली. निम्म्याहून अधिक बीजांनी वाटणी पुरी केली होती. तिने मोजली होती तेवढीच निघाली.

मग केंद्रातल्या बोकडाचं वीर्य त्यात मिसळलं गेलं. पण खेप साधली असं ठरायला सरांना दाखवायचा होता चार पेशींचा गर्भ, तोवर काही नक्की नव्हतं. मी थांबलो. तिकिटाची तारीख त्यात बसत होती.

आधी एका गोलाचे दोन झाले. हे दोन मात्र सारखे होते. मला बरं वाटलं. त्यानंतर, निघायच्या दिवशी दुपारी, चार. सर आले, डोळा लावला, “छान,” म्हणाले आणि गेले. एका शब्दासाठी एवढी धावपळ. मी पुन्हा डोळा लावला, कारण माझ्या मनात वेगळीच शंका आली होती.

“मेघना, हा वाढत नाहीये.”

“चार झाले की, बाबा.”

“चार झाले, पण सगळे मिळून तेवढेच. बाहेरचं कडं होतं तेवढंच आहे. तुझ्या पट्टीवर मी मोजलं. एकाचे चार तुकडे म्हणजे वाढ नव्हे. तुझे सर तुला फसवत असतील, मला कोणी फसवू शकत नाही.”

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

“हेच मला दाखवायचं होतं,” ती म्हणाली. “हा वाढत नाही, नुसता विभागतो. गर्भाशयात चिकटेपर्यंत याला आईकडून जवळपास काही मिळत नाही. इतकंच काय, पहिले काही दिवस याची स्वतःची रंगसूत्रंसुद्धा कामाला लागलेली नसतात. आठ-सोळा पेशी होईपर्यंत हा चालतो तो त्या बीजात भरून ठेवलेल्या शिदोरीवर. सगळी तयार माणसं, तयार अवजारं, तयार निरोप. प्रत्येक विभागणीत तेच वाटून घ्यायचं.”

मी पुन्हा बघितलं. चार गोल, एकमेकांना टेकून, आणि बाजूला विरत चाललेला तो बारीक तुकडा.

“म्हणजे पहिल्याच वाटणीत निम्मं गेलं असतं तर...”

“दोघांनाही पुरलं नसतं. म्हणून तेव्हा यंत्र कडेला सरकतं. मोजायचं ते मोजून निम्मं देतं, साठातले तीस, एकही कमी-जास्त नाही. आणि शिदोरी सगळी एकाकडे ठेवतं.”

मी पेन्सिल घेतली आणि तिच्या पहिल्या दिवशीच्या आकृतीवर, मोठ्या आणि मोहरीएवढ्या गोलांवर, जिथे मी फुली मारली होती, ती फुली खोडली. दुसरा काही शेरा लिहिला नाही. एवढ्या लहान वस्तूबद्दल एकदम खात्री देणं माझ्या स्वभावात नाही.

स्टेशनवर ती थर्मास घेऊनच आली होती. तिथूनच पुढे आरमोरीला जायचं होतं, चौथ्या खेपेला. मी मफलर मागणार होतो, डिसेंबरची रात्र आणि गाडीच्या खिडक्या धड लागत नव्हत्या. मग राहू दिला.

गाडीत टीसी आला. दोन तिकिटं बघून त्याने समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. “दुसरे पॅसेंजर कुठी हाय?”

“नाही येत.”

“काऊन? गाडी चुकली का?”

“नाही,” मी म्हणालो. “तिला काम आहे.”

नाशिकला पोचल्यावर मेघनाच्या आईने जे विचारायचं ते विचारलं. तिचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं का? बघितलं. सत्तारभाई कसा आहे? चांगला आहे. सिन्नरवाल्यांना काय सांगायचं? वर्षभर काही सांगायचं नाही. तिचं समाधान झालं नाही, आणि ते मला योग्यच वाटलं.

दोन दिवसांनी फोन आला. मेघनाच होती.

“बाबा, एक सोळावर पोचला.”

“म्हणजे शिदोरी संपली?”

“संपत आली. आता त्याचं स्वतःचं सुरू झालं असेल.”

“आकार?”

“तेवढाच.”

“मोजलास?”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “दोनदा.”